क्रूझचा वरखर्च: तीन कंपन्यांची बिलं शेजारी-शेजारी कशी मांडायची

न्यू जर्सीत एडिसन-आयझेलिनच्या पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना क्रूझसाठी फ्लोरिडाला जायची गरज नसते. रॉयल कॅरिबियनचं जहाज बेयोनच्या केप लिबर्टी बंदरातून सुटतं, नॉर्वेजियनचं मॅनहॅटनहून आणि एमएससीचं ब्रुकलिनहून. आईवडील भारतातून आले की उन्हाळ्यात बर्म्युडा किंवा बहामाची सात रात्रींची सफर ठरते, तीन वेबसाइटी उघडल्या जातात आणि सगळ्यात कमी आकडा दिसेल तिथे कार्ड टाकलं जातं. चूक तिथेच होते. तो आकडा केबिनचा, बुफेचा आणि करमणुकीचा असतो. बाकीचं बिल जहाजावर रोज थोडं थोडं चढतं, आणि ते चढण्याची रीत प्रत्येक कंपनीची वेगळी असते.

खालची पद्धत या तीन कंपन्यांसाठी मांडली आहे. कुठल्याही कंपनीला ती लागू पडते. फक्त आकडे तुमच्या बुकिंगच्या पानावरून ताजे घ्या. क्रूझवाले दर विमान तिकिटांसारखे रोज हलवतात.

आधी एक कागद घ्या

उभ्या रकान्यांत कंपन्या आणि आडव्या ओळींत खर्च. ओळी एवढ्या पुरतात: भाडं (कर आणि बंदर शुल्क धरून), टिप, पिणं, वाय-फाय, पैसे देऊन खाणं, बंदरावरचा खर्च, घर ते बंदर जाणं-येणं. शेवटी एकूण रकमेला माणसांनी आणि रात्रींनी भागायचं. माणशी एका रात्रीला किती पडतात, हा एकच आकडा तुलनेला उपयोगी. पाच रात्रींची सफर आणि सात रात्रींची सफर, दोन माणसांची केबिन आणि चार माणसांची केबिन, सगळी त्या एका मापावर येतात.

भाड्याच्या ओळीत एक मेख आहे. १ जुलै २०२४ पासून कॅलिफोर्नियात किमतीच्या जाहिरातीचा नवा कायदा लागू झाला. तेव्हापासून मोठ्या कंपन्या अमेरिकेतल्या वेबसाइटींवर कर आणि शुल्क धरूनच भाडं दाखवतात. भारतातल्या एजंटच्या कोटेशनमध्ये मात्र बंदर शुल्क अजूनही खालच्या ओळीत वेगळं असू शकतं. एक आकडा अमेरिकन साइटवरून आणि दुसरा पुण्याच्या एजंटकडून घेतला, तर तुलना पहिल्याच ओळीत बिघडते.

‘मुलं फुकट’ या ऑफरमध्येही फुकट असतं ते फक्त भाडं. तिसऱ्या-चौथ्या प्रवाशाचे कर, शुल्क आणि टिप भरावीच लागते. एकट्या आजीसाठी वेगळी केबिन घेतली, तर बहुतेक ठिकाणी दोन माणसांचं भाडं द्यावं लागतं. नॉर्वेजियनच्या बऱ्याच जहाजांवर एकट्यासाठी छोट्या स्टुडिओ केबिन असतात, पण त्या लवकर संपतात.

सगळ्यात स्वस्त भाड्याच्या अटीही वाचा. एमएससीच्या ‘बेला’ दरात केबिन कुठल्या डेकवर मिळेल हे तुमच्या हातात नसतं. गुडघे दुखणाऱ्या वडिलांना लिफ्टपासून लांब, जहाजाच्या पार टोकाला केबिन मिळाली, तर वाचलेले साठ डॉलर महागात पडतात. रॉयल कॅरिबियनच्या नॉन-रिफंडेबल डिपॉझिटच्या बुकिंगमध्ये तारीख किंवा जहाज बदललं, तर माणशी १०० डॉलर कापले जातात. आईवडिलांच्या व्हिसाची तारीख पक्की नसेल, तर थोडं जास्त देऊन परत मिळणारं डिपॉझिटच घ्या.

टिप: टळत नाही, म्हणून आधी लिहा

अमेरिकेतून सुटणाऱ्या जहाजांवर टिप ऐच्छिक आहे असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात ती रोज आपोआप खात्यावर चढते. साध्या केबिनसाठी रॉयल कॅरिबियन माणशी दिवसाला १८.५० डॉलर लावते, नॉर्वेजियन २०, कार्निव्हल (ही चौथी मोठी कंपनी) १६ ते १७ आणि एमएससी कॅरिबियनच्या सफरींवर १६ च्या आसपास. स्वीट (मोठी, महागडी केबिन) घेतला की दर चढतो: रॉयल कॅरिबियनवर २१, नॉर्वेजियनवर २५.

मुलांच्या बाबतीत नियम वेगळे आहेत. रॉयल कॅरिबियन तान्ह्या बाळाचीही पूर्ण टिप घेते. नॉर्वेजियनवर तीन वर्षांखालच्यांना नाही, कार्निव्हलवर दोन वर्षांखालच्यांना नाही. दीड वर्षाचं मूल असेल, तर सात रात्रींचा फरक १२९.५० डॉलर. तेवढ्यात सगळ्या घराचं बंदरापर्यंत जाणं-येणं निघतं.

टिप बुकिंगच्या वेळीच भरून टाकलेली बरी. मध्येच दर वाढला तरी आधी भरणाऱ्याला सहसा जुनाच दर लागतो, आणि जहाजावर रोज तो आकडा बघत बसावं लागत नाही. काही जण शेवटच्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या खिडकीवर जाऊन टिप काढून घेतात. बऱ्याच कंपन्या ती काढूनही देतात. तसं करू नका. केबिन आवरणाऱ्याची आणि ताट वाढणाऱ्याची कमाई मोठ्या प्रमाणात याच पैशांवर उभी असते, आणि नावाची पट्टी वाचलीत तर त्यांत गोव्याची आणि कोकणातली माणसं सापडतात.

टिप नसलेल्या कंपन्याही आहेत. ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसने २०१९ पासून ती बंद केली. लंडनकडच्या मराठी लोकांनी साउथॅम्प्टनहून सुटणाऱ्या जहाजांची तुलना करताना हे ध्यानात घ्यावं. तिथे भाडं थोडं चढं दिसतं, पण या ओळीत शून्य येतं.

पिण्याचं पॅकेज: सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात

पॅकेज म्हणजे दिवसाचे ठरलेले पैसे भरायचे आणि दारूसकट पेयं सुटे पैसे न देता घ्यायची. रॉयल कॅरिबियनचं डिलक्स बेव्हरेज पॅकेज समजा दिवसाला ८० डॉलरला दिसतंय. दर जहाज आणि तारखेप्रमाणे बराच खालीवर होतो. त्यावर १८ टक्के सेवा शुल्क चढतं, म्हणजे ९४.४० डॉलर. ते सफरीच्या सगळ्या रात्रींसाठी घ्यावं लागतं, म्हणजे सात रात्रींना ६६०.८०. आणि केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं, की त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनीही घ्यायचं असा नियम आहे. कार्निव्हलवरही तसाच. म्हणून नवऱ्याला बिअर आवडते आणि बायको लिंबूपाण्यावर खूश, अशा जोडप्याला १३२१.६० डॉलर पडतात.

आता उलट बाजूने बघा. बिअर ९ डॉलर, त्यावर १८ टक्के, म्हणजे १०.६२. रोज तीन घेतल्या तर सात दिवसांत २२३ डॉलर. एकट्याचं पॅकेज वसूल व्हायला रोज जवळजवळ नऊ बिअर लागतात. १४ डॉलरची कॉकटेल धरली तरी रोज सहा. पहिल्या दिवशी चढायला दुपार होते, बंदराच्या दिवशी अर्धा दिवस बाहेर जातो. हिशेब प्रामाणिकपणे केला तर आपल्याकडच्या दहातल्या आठ घरांना पॅकेज परवडत नाही, असं आमचं मत आहे.

तरीही एकाला ते हवंच असेल, आणि दोन केबिन घेणार असाल, तर नावांची वाटणी विचार करून करा. कागदावर एका केबिनमध्ये नवरा आणि मूल, दुसऱ्या केबिनमध्ये बायको आणि सासूबाई. पॅकेजची सक्ती पहिल्या केबिनमधल्या एकट्या प्रौढावर येते, म्हणजे ६६० डॉलर वाचतात. केबिन शेजारच्या घ्या, मग रात्री कोण कुठे झोपतं हा घरातला प्रश्न. मात्र केबिनमधल्या तिसऱ्या-चौथ्या माणसाला मिळणारी सवलत या वाटणीत हातची जात नाही ना, ते आधी तपासा.

नॉर्वेजियनची चाल वेगळी आहे. तिथे पॅकेज ‘फ्री’ म्हणून भाड्यासोबत देतात, पण सेवा शुल्क फ्री नसतं. पॅकेजची छापील किंमत दिवसाला १०९ डॉलर धरली, तर २० टक्क्यांनी माणशी २१.८० डॉलर रोज. दोघांचे सात दिवसांचे ३०५.२०. तेच तीन बिअरवाल्या नवऱ्याने सुट्ट्या घेतल्या तर २० टक्के धरूनही २२६.८० होतात. म्हणजे फुकटचं पॅकेज ७८ डॉलरला महाग! ते नको म्हणता येतं. बुकिंग करताना तशी निवड करायची. दोघंही पिणारे असतील तर मात्र हीच ऑफर तिघांत उजवी ठरते.

नियमांतले बारकावे पैसे खातात. कार्निव्हलच्या चीअर्स पॅकेजमध्ये चोवीस तासांत १५ दारूच्या ग्लासांची मर्यादा आहे. रॉयल कॅरिबियनवर १४ डॉलरपर्यंतचाच ग्लास पॅकेजमध्ये बसतो, वरचा फरक द्यावा लागतो. जहाज बंदरात उभं असताना काही राज्यांचा विक्रीकर पॅकेजवाल्यांनाही लागतो. आणि खाजगी बेटावर पॅकेज चालतंच असं नाही. रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर चालतं, बाकीच्या कंपन्यांचं त्या-त्या सफरीसाठी विचारून घ्या.

घरून काय नेता येतं, यातही फरक आहे. रॉयल कॅरिबियन आणि कार्निव्हलवर चढताना प्रत्येक प्रौढाला ७५० मिलीची वाइनची एक बाटली नेता येते, शिवाय शीतपेयांचे मोजके कॅनही. नॉर्वेजियनवर वाइन चालते, पण बाटलीमागे कॉर्केज (स्वतःची बाटली आणल्याचं शुल्क) द्यावं लागतं, आणि पाण्याच्या किंवा सोड्याच्या बाटल्या चालत नाहीत. एमएससीवर कुठलंच पेय नेता येत नाही.

चहा, पाणी आणि जेवण

बुफेत साधं पाणी, साधी कॉफी, टी-बॅगचा चहा आणि गरम पाणी सगळीकडे फुकट असतं. बाटलीबंद पाणी, लाटे-कॅपुचिनो आणि कॅनमधला कोला यांचे पैसे पडतात. रिकामी बाटली घरून न्या आणि बुफेतून भरून घ्या. चहाच्या प्रीमिक्सची पाकिटं बॅगेत टाकली की आईबाबांचा सकाळचा प्रश्न सुटतो. मात्र इलेक्ट्रिक किटली नेऊ नका. गरम होणारी उपकरणं आगीच्या भीतीने बंद आहेत; चढताना बॅग एक्स-रेमधून जाते तेव्हा किटली काढून घेतात आणि उतरताना परत देतात. इस्त्रीचंही तेच. घरचे शिजवलेले पदार्थही बहुतेक ठिकाणी अडवतात. कंपनीच्या बंद पाकिटातला चिवडा-भाकरवडी चालते, पण ती बंदरावर उतरताना सोबत नेऊ नका.

पैसे देऊन जेवायच्या रेस्टॉरंटांत माणशी ४० ते ७० डॉलर घेतात, वर सेवा शुल्क. शाकाहारी माणसाने स्टेकहाउसचं पान घेणं म्हणजे पूर्ण पैसे देऊन भाजलेला बटाटा आणि मश्रूम खाणं. ती ओळ शून्य ठेवा. मुख्य डायनिंग रूममध्ये रॉयल कॅरिबियन बहुतेक रात्री भारतीय शाकाहारी पदार्थ ठेवते, आणि पहिल्या संध्याकाळी हेडवेटरला सांगितलं तर दुसऱ्या दिवसापासून डाळ-भात-भाजीची सोय बरी होते. जैन जेवण मात्र बुकिंगच्या वेळीच कळवा. जहाजावर चढून सांगितलं, तर बिनकांद्याचं म्हणून उकडलेल्या भाज्याच येतात.

रूम सर्व्हिसही बघा. रॉयल कॅरिबियनवर सकाळचा साधा नाश्ता सोडला, तर प्रत्येक ऑर्डरला ७.९५ डॉलर आणि वर १८ टक्के. रात्री अकराला मुलाला भूक लागली तर प्रोमेनेडवरचा (जहाजातल्या दुकानांच्या रस्त्यावरचा) पिझ्झा फुकट आहे, तिथपर्यंत चालत जा.

पावतीवरची रिकामी ओळ

बारवर कार्ड दाखवलं की एक छोटी पावती सहीला येते. लाटे ५.००, त्याखाली सेवा शुल्क ०.९०, एकूण ५.९०. त्याच्याही खाली एक रिकामी ओळ असते, जास्तीच्या टिपेची. अमेरिकेतल्या हॉटेलांची सवय असलेला माणूस विचार न करता तिथे एक डॉलर लिहितो. टिप मधल्या ओळीत आधीच गेलेली असते. रिकाम्या ओळीवर आडवी रेघ मारा आणि सही करा. आठवडाभरात यातून तीस-चाळीस डॉलर सहज वाचतात.

वाय-फाय आणि फोन

वाय-फाय डिव्हाइसमागे मोजतात; साधारण दिवसाला २० ते ३० डॉलर. चढण्याआधी ऑनलाइन घेतलं तर स्वस्त पडतं. चार जणांना चार डिव्हाइस लागत नाहीत. एकच घ्या, एका फोनवरून लॉगआउट करून दुसऱ्यावर लॉगिन करता येतं. आपसात ‘कुठे आहेस’ विचारायला कंपनीच्या ॲपमधली चॅट पुरते, ती जहाजाच्या नेटवर्कवर फुकट किंवा अगदी थोड्या पैशांत चालते.

खरा फटका फोनच्या रोमिंगचा बसतो. किनारा मागे पडला की फोन जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो, आणि ते कुठल्याच साध्या प्लॅनमध्ये नसतं. जहाज हलायच्या आधी सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, आईबाबांच्या भारतीय सिमचे आधी.

बंदरावरचा खर्च, आणि जहाजावर चढू न दिल्यास बुडणारा

कंपनीची सहल महाग असते, पण ती उशिरा परतली तर जहाज थांबतं. स्वतः टॅक्सी करून गेलात आणि अडकलात, तर जहाज निघून जातं आणि पुढच्या बंदरापर्यंतचं विमान तुमच्या खिशातून. जहाज धक्क्याला लागतं आणि किनारा चालत गाठता येतो, तिथे सहल घेऊ नका. लांबच्या ठिकाणीच घ्या. कोकोकेला किनारा, मोठा पूल, आरामखुर्च्या आणि जेवण भाड्यात धरलेलं आहे. थ्रिल वॉटरपार्क, हायडअवे बीच, कबाना (किनाऱ्यावरची सावलीची खाजगी खोपटी) यांचे वेगळे पैसे, आणि तेही थोडेथोडके नाहीत. साठीच्या पुढच्या माणसांना फुकटातलं कोकोके पुरून उरतं.

व्हिसाची गोष्ट खर्चाच्या कागदावर यायलाच हवी, कारण चढू दिलं नाही तर भाडं परत मिळत नाही. एच-वन-बी (नोकरीच्या) व्हिसावाल्यांनी विशेष लक्ष द्या: पासपोर्टवरचा व्हिसा स्टॅम्प संपला असेल आणि फक्त आय-७९७ या मंजुरीच्या पत्रावर मुक्काम चालू असेल, तर कॅनडा-मेक्सिकोला जाऊन नव्या स्टॅम्पशिवाय परत येण्याची तीस दिवसांची सवलत बर्म्युडा-बहामाला लागू होत नाही. बेटांची ती मुभा फक्त एफ (विद्यार्थी) आणि जे (एक्सचेंज) व्हिसावाल्यांना आहे. दुपारी बेयोनच्या काउंटरवर हे कळून उपयोग नाही.

आईवडिलांच्या व्हिजिटर विम्यात समुद्रावरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवणं धरलंय का, हेही वाचा. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल थेट तुमच्या खात्यावर चढतं. विमा कंपनीकडून पैसे नंतर, कागद दाखवून.

एका घराचा हिशेब

नवरा, बायको, आठ वर्षांचं मूल, आजी. सात रात्री, साध्या केबिन, बेयोनहून रॉयल कॅरिबियन. टिप १८.५० गुणिले चार गुणिले सात, म्हणजे ५१८. सुट्ट्या बिअर २२३. एक वाय-फाय, २५ ने, १७५. बेरीज ९१६ डॉलर, म्हणजे भाड्याच्या वर माणशी रात्रीला सुमारे ३३. त्याच घराने एका केबिनमधल्या जोडप्याला पॅकेज घेतलं, तर बेरीज २०१४ च्या वर जाते आणि माणशी रात्रीला ७२ पडतात. नॉर्वेजियनवर फ्री पॅकेज नाकारून: टिप ५६०, बिअर २२७, वाय-फाय तेवढंच, एकूण ९६२, माणशी सुमारे ३४. एमएससीवर मुलाचीही पूर्ण टिप धरली तरी ती ४४८ च होते.

बघा, तिन्ही कंपन्यांच्या वरखर्चात माणशी रात्रीला चारेक डॉलरचाच फरक आहे. पॅकेज घेणं आणि न घेणं यांत चाळीसचा. कुठली कंपनी, याहून घरात कोण काय पितं ही ओळ जड आहे. न पिणाऱ्या घराने भाडं, केबिनची जागा आणि जेवण बघून कंपनी ठरवावी. पिणाऱ्या जोडप्याने नॉर्वेजियनची फ्री ऑफर, प्रिन्सेस या आणखी एका कंपनीचं टिप-वाय-फाय-पेयं एकत्र असलेलं प्लस पॅकेज आणि सुटं बिल या तिन्हींची बेरीज करून बघावी.

भारतातून निघणाऱ्यांनी कागदावर दोन ओळी वाढवाव्यात. जहाजावरचं बिल डॉलरमध्ये (भूमध्य समुद्रात बहुधा युरोत) होतं, आणि भारतीय क्रेडिट कार्डावर दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागतो. ‘रुपयांत बिल करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, तो दर हमखास वाईट असतो. परदेशी टूर पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस (आगाऊ घेतलेला प्राप्तिकर) हा खर्च नाही, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता होतो. तोवर पैसे अडकतात, एवढंच.

उतरण्याच्या आदल्या रात्री

जेवण झाल्यावर केबिनमधल्या टीव्हीवर किंवा ॲपमध्ये खातं उघडा आणि ओळ न ओळ वाचा. दोनदा लागलेली बिअर, न उघडलेला मिनीबार, न काढलेला फोटो, अशा चुका होतात आणि त्या जहाजावर असेपर्यंतच पटकन दुरुस्त होतात. सकाळी गेस्ट सर्व्हिसेसपुढे लांब रांग असते, म्हणून रात्री दहाच्या सुमारास जा. बुकिंगसोबत मिळालेलं ऑनबोर्ड क्रेडिट (जहाजावर खर्चायची रक्कम) शिल्लक दिसत असेल, तर ते परत मिळणारं आहे का, हेही त्याच खिडकीवर विचारा. बहुतेक वेळा नसतं आणि सफर संपली की बुडतं. दुकानातली महागडी टोपी घेण्याआधी, ते खात्यावर चढलेल्या टिपेला लावता येतं का, ते विचारून बघा.